मानवी क्षमतावर्धन आणि कॅथलिक नीतिविचार : एक चिकित्सा

रोग्याला बरे करणे हे वैद्यकाचे जुने काम आहे. निरोगी माणसाला त्याच्या मूळ शक्तीहून अधिक बलवान, अधिक बुद्धिमान वा अधिक दीर्घायुषी करणे हे त्याचे नवे मनोरथ होय. या दुसऱ्या प्रयत्नास प्रस्तुत लेखात 'मानवी क्षमतावर्धन' असे म्हटले आहे. औषधांनी स्मरणशक्ती वाढविणे, मेंदूत यंत्र बसविणे, भ्रूणाच्या जनुकांत फेरफार करून संततीचे गुण आधीच ठरविणे हे सर्व त्याचेच प्रकार आहेत. पहिले दोन प्रकार त्या त्या व्यक्तीपुरते राहतात. तिसऱ्याचा संबंध थेट जन्माशी येतो. जन्मावरून माणसाची प्रत ठरविण्याच्या रीतीची फळे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगली, त्या समाजाने या नव्या विद्येकडे कुतूहलाने पाहावे. परंतु डोळे उघडे ठेवून पाहावे.

या प्रश्नावर ज्या संस्थांनी सातत्याने आणि लेखी स्वरूपात आपली भूमिका मांडली आहे, त्यांत रोमच्या कॅथलिक चर्चचे स्थान अग्रभागी आहे. चर्चचा ईश्वरविचार आपल्याला मान्य नाही. जगाचा कोणी कर्ता आहे, ही कल्पना तथागतांनी नाकारली आणि बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिचे खंडन केले. तरीही ज्या विचाराशी आपले मूलभूत मतभेद आहेत, त्यातील खरे ते वेचणे व खोटे ते बाजूस सारणे ही आपलीच परंपरा होय. त्या दृष्टीने पाहता असे दिसते की, चर्चच्या भूमिकेत दोन युक्तिवाद एकत्र गुंफलेले आहेत. एक युक्तिवाद समतेचा आहे, दुसरा सृष्टिकर्त्याच्या अधिकाराचा. पहिला भक्कम आहे आणि तो दुसऱ्याच्या आधारावाचून उभा राहू शकतो. चर्चने मात्र तो दुसऱ्याला असा बांधून ठेवला आहे की, त्याचे बळ कमी व्हावे.

कॅथलिक भूमिकेची मांडणी

१९५२ च्या सप्टेंबरमध्ये पोप पायस बारावे यांनी मज्जासंस्थेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे भाषण केले. त्यात त्यांनी एक सूत्र स्पष्ट केले. मनुष्य आपल्या देहाचा निरंकुश मालक नाही, तो त्याचा केवळ उपयोग करणारा आहे. म्हणून संपूर्ण देहाच्या हितासाठी आवश्यक असेल तरच त्याने एखाद्या अवयवाचा त्याग करावा. याच भाषणात त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. समाज हा एखाद्या देहासारखा एकसंध पदार्थ नाही. म्हणून समाजाच्या हितासाठी व्यक्तीला अवयवासारखे कापून टाकण्याचा अधिकार समाजाला वा राज्याला पोहोचत नाही. नाझी डॉक्टरांच्या अत्याचारांवरील खटला होऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विधानाचे मोल कळते.

२९ ऑक्टोबर १९८३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जागतिक वैद्यक संघटनेपुढे जनुकीय हस्तक्षेपाचा विचार मांडला. रोगनिवारणासाठी असा हस्तक्षेप इष्ट आहे, हे त्यांनी प्रथम मान्य केले. त्यानंतर रोगनिवारणापलीकडे जाऊन माणसाची जैविक स्थिती सुधारण्याचा प्रश्न त्यांनी घेतला. विशेष असे की, त्यांनी तो दरवाजा सरसकट बंद केला नाही. त्यावर अटी घातल्या. देह आणि आत्मा मिळून होणारी माणसाची ओळख राखली जावी, ही एक अट. अपत्याचा जन्म मातापित्यांच्या मीलनापासून तोडला जाऊ नये, ही दुसरी. तिसरी अट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे : माणसांचा जनुकीय ठेवा बदलून भिन्न भिन्न गट निर्माण करू नयेत, कारण त्यातून समाजात नव्या बहिष्कृतांची निर्मिती होण्याचा धोका आहे.

पुढे २००८ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने 'डिग्निटास पर्सोने', म्हणजे 'व्यक्तीची प्रतिष्ठा', हा निर्देशग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सूर अधिक कडक झाला. रोग्याच्या शरीरपेशींवर केलेला जनुकोपचार तत्त्वतः मान्य करण्यात आला. जे बदल पुढील पिढ्यांत उतरतात असे बीजपेशींवरील उपचार, धोक्यांचा विचार करता सद्यःस्थितीत अमान्य ठरविण्यात आले. क्षमतावर्धनासाठी होणारी जनुकीय रचना तर पूर्णतः नाकारण्यात आली. त्यासाठी दिलेली कारणे दोन जातींची आहेत. अशा रचनेने काही विशिष्ट गुणांना प्रतिष्ठा मिळते, ते गुण नसलेल्यांवर कलंक बसतो, सर्व माणसे समान आहेत या सत्याला बाध येतो आणि काही माणसे इतरांवर स्वामित्व गाजवू लागतात, ही झाली पहिली जात. माणूस सृष्टिकर्त्याची जागा घेऊ पाहतो, ही दुसरी.

श्रेय जेथे द्यावयास हवे तेथे

समतेचा युक्तिवाद चर्चने केवळ कागदावर मांडला असे म्हणता येणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुप्रजननशास्त्राची लाट युरोप-अमेरिकेत उसळली होती. 'हीन' ठरविलेल्या माणसांना संतती होऊ देऊ नये, असे मत प्रतिष्ठित वैज्ञानिक, न्यायाधीश आणि पुरोगामी म्हणविणारे विचारवंतही उघडपणे मांडत. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या निर्बीजीकरणास मान्यता दिली. निकाल आठ विरुद्ध एक असा लागला. विरोधी मत देणारे एकमेव न्यायमूर्ती पिअर्स बटलर हे कॅथलिक होते. त्यांनी आपल्या मताची कारणे लिहून ठेवली नाहीत. म्हणून त्यांच्या धर्मश्रद्धेला त्याचे सर्व श्रेय देणे उचित होणार नाही. परंतु ३१ डिसेंबर १९३० च्या 'कास्ती कोनुबी' या परिपत्रात पोप पायस अकरावे यांनी चर्चची भूमिका निःसंदिग्ध केली. ज्याने कोणताही अपराध केलेला नाही, त्याच्या देहावर राज्यसत्तेला थेट अधिकार नाही, असे त्यांनी बजावले. अडीच वर्षांनी, जुलै १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लक्ष माणसांचे निर्बीजीकरण करण्यात आले. त्याच महिन्यात व्हॅटिकनने हिटलरच्या सरकारशी करारही केला, ही गोष्ट झाकून ठेवण्याजोगी नाही. तथापि विज्ञानाच्या नावाने माणसांची प्रतवारी चालली असता, तत्त्वाच्या पातळीवर 'नाही' म्हणणाऱ्या मोठ्या संस्था फार थोड्या होत्या आणि चर्च त्यांपैकी एक होते, हे नोंदविणे न्यायाचे होईल.

इतिहासाची साक्ष

परंतु कोणत्याही तत्त्वाची परीक्षा ते मांडणाऱ्याच्या आचरणावरून होते. इतरांच्या प्रयोगशाळांकडे बोट दाखविणाऱ्या चर्चने स्वतःच्या प्रार्थनामंदिरात काय केले, हेही पाहिले पाहिजे.

चर्चमध्ये स्त्रियांनी गाऊ नये, असा दंडक होता. गायनात उंच पट्टीचे स्वर तर हवे होते. मुलांचे आवाज वयात येताच फुटतात. यावर सोळाव्या शतकात एक उपाय रूढ झाला. वयात येण्यापूर्वीच मुलाला खच्ची करावयाचे. त्यामुळे कंठ बालकाचा राही आणि छाती व फुप्फुसे प्रौढाची होत. या गायकांना इटलीत 'कास्त्राती' म्हणत. १५८९ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी सेंट पीटरच्या गायकवृंदाची फेररचना करताना अशा गायकांना स्थान दिले आणि शतक संपण्यापूर्वी ते खुद्द पोपच्या खासगी प्रार्थनामंदिरातील वृंदातही दाखल झाले. ही प्रथा तेथे तीनशे वर्षे टिकली. १९०३ मध्ये पोप पायस दहावे यांनी उंच स्वरांसाठी मुलांनाच घ्यावे, अशी आज्ञा काढली, तेव्हा तिचा शेवट झाला. या वृंदातील अखेरचा कास्त्रातो अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ मध्ये मरण पावला. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला असून तो आजही ऐकावयास मिळतो.

आजच्या व्याख्येने हे शुद्ध क्षमतावर्धन होते. मुलाला कोणताही रोग नव्हता. एक क्षमता वाढविण्यासाठी त्याच्या देहात कायमचा बदल करण्यात आला आणि त्याची किंमत त्याने जन्मभर मोजली. असे मुलगे बहुधा गरीब घरांतले असत. कुटुंबाला दारिद्र्यातून वर येण्याची ती एक वाट वाटे. खच्ची करण्याचे कृत्य चर्चच्याच कायद्याने निषिद्ध होते व त्यासाठी बहिष्काराची शिक्षा होती. म्हणून मूल घोड्यावरून पडले वा रानडुकराने त्याला जखमी केले, अशा कहाण्या सांगितल्या जात. कृत्य करणारा दोषी ठरे. फळ मात्र वेदीपुढे स्वीकारले जाई. उपासनेची शोभा वाढते व समाजाचे कल्याण होते, म्हणून मुलाच्या संमतीने हे क्षम्य मानावे, असा युक्तिवाद करणारे नीतिशास्त्रीही चर्चमध्ये होऊन गेले. पायस बाराव्यांनी १९५२ मध्ये समाजहितासाठी व्यक्तीचा अवयव घेण्यास जो नकार दिला, त्याच्याशी हा युक्तिवाद ताडून पाहावा. ते सूत्र आधीपासूनच पाळले गेले असते तर पोपच्या वृंदात एकही कास्त्रातो उभा राहिला नसता.

जन्माच्या प्रतवारीबाबतही असेच घडले. १४४९ मध्ये स्पेनमधील टोलेडो येथे यहुदी वंशाच्या ख्रिस्तींना सार्वजनिक पदे नाकारणारा 'रक्तशुद्धी'चा नियम झाला. पोप निकोलस पाचवे यांनी त्याच वर्षी त्याचा धिक्कार केला. बाप्तिस्मा घेतलेले सर्व सारखेच, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु १५५५ मध्ये पोप पॉल चौथे यांनी टोलेडोच्या कॅथेड्रलच्या तशाच नियमावर शिक्कामोर्तब केले. १५९३ मध्ये जेझुइट संघाने यहुदी व मुस्लिम वंशाच्या लोकांना आपले दार बंद केले. तो निर्बंध पुढे सौम्य झाला, परंतु पूर्णतः उठला तो १९४६ मध्ये. भारतात तर अस्पृश्यता चर्चच्या आवारात शिरली. तिचे अस्तित्व भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात स्वतःच मान्य केले आहे. धर्मांतराने माणूस ईश्वराची प्रतिमा म्हणून समान ठरला. दफनभूमीत मात्र त्याची जात त्याच्या आधी पोहोचली. यावरून समतेचा सिद्धांत खोटा ठरत नाही. परंतु ईश्वराच्या इच्छेचा आधार देऊन समता सुरक्षित होते, हे गृहीतक टिकत नाही. कारण त्याच ईश्वराच्या नावाने विषमताही तितक्याच सहजतेने चालविता येते.

युक्तिवादातील दुबळे दुवे

आता खुद्द युक्तिवादाकडे वळू. चर्चची सारी भिस्त उपचार आणि क्षमतावर्धन यांतील सीमारेषेवर आहे. देहाचे एक ठरलेले स्वाभाविक रूप असून त्यात बिघाड झाला तर तो दुरुस्त करावा, त्यापलीकडे जाऊ नये, असा त्यामागील विचार आहे. ही रेषा वाटते तितकी ठळक नाही. लस ही निरोगी देहाला निसर्गाने न दिलेली प्रतिकारशक्ती देते. तिला क्षमतावर्धन का म्हणू नये? तरीही चर्च लसीकरणाच्या बाजूने आहे, आणि योग्यच आहे. म्हणजे 'निसर्गात नव्हते' हा खरा आक्षेप असू शकत नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हे जियानक्वी या चिनी संशोधकाने जाहीर केले की, त्याने भ्रूणांच्या एका जनुकात बदल केला असून त्यांतून जुळ्या मुली जन्मल्या आहेत. पिता एचआयव्हीबाधित होता. मुलींना त्या विषाणूची बाधा होऊ नये असा हेतू सांगण्यात आला. भ्रूण निरोगी होते. बाधित पित्याचे अपत्य सुरक्षित जन्मावे, यासाठी इतर सोपे मार्ग उपलब्ध होते. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद सुनावली. हा उपचार होता की वर्धन? यावर पंडितांनी कितीही वाद घालावा. त्या मुलींच्या देहात कोणी, कोणाच्या अनुमतीने आणि किती पिढ्यांसाठी बदल केला, हा प्रश्न त्याने सुटत नाही. खरा नैतिक प्रश्न तोच आहे. चर्चच्या समतेच्या युक्तिवादात त्याचे उत्तर आहे : एका पिढीने दुसऱ्या पिढीचे निर्माते होऊन बसू नये.

दुर्दैवाने चर्चचा आक्षेप तेथे थांबत नाही. १९८७ च्या 'दोनुम वीते' या निर्देशग्रंथाने प्रयोगशाळेतील गर्भधारणाच अमान्य ठरविली. पती-पत्नींच्याच बीजांपासून ती झाली असली तरीही. जन्मलेल्या बालकाचा स्वीकार प्रेमाने करावा, असे तो ग्रंथ म्हणतो, हे खरे. परंतु अपत्यासाठी झुरणारे दांपत्य आणि संततीचे गुण बाजारातून निवडू पाहणारा धनिक यांना एकाच पायरीवर उभे केल्याने एका गंभीर धोक्याचा इशारा एका सामान्य मानवी दुःखावरील निर्बंधात हरवून जातो. सृष्टिकर्त्याचा अधिकार हा आधार मानला की असे होणे अटळ असते. कारण मग हस्तक्षेपाने कोणाला इजा झाली, हे पाहण्याआधी हस्तक्षेप कोणाच्या हद्दीत झाला, हे पाहिले जाते.

कर्त्यावाचून समता

कर्ता मानला नाही तर माणसाच्या समतेला आधार कोणता, असे कॅथलिक विचारवंत विचारतील. या प्रश्नाचे उत्तर वासेट्ठ सुत्तात आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होता की, माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने. तथागतांनी त्यांना निसर्गाकडे पाहावयास सांगितले. गवत, वृक्ष, कीटक, पशू, मासे, पक्षी यांच्यात जातिभेदाची लक्षणे देहावरच दिसतात. माणसांत केसापासून पायापर्यंत तशी लक्षणे आढळत नाहीत. माणसांतील भेद केवळ नावाचे आहेत. येथे ईश्वराची साक्ष काढलेली नाही. निरीक्षण पुढे केले आहे.

येथेच जनुकविद्या आपल्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवते. माणसांच्या देहावर जातीची लक्षणे नाहीत, हा युक्तिवाद वस्तुस्थितीवर उभा आहे. उद्या श्रीमंतांनी आपल्या संततीच्या देहातच ती लक्षणे कोरली आणि ती वंशपरंपरेने चालू लागली, तर? जे वर्णव्यवस्थेला केवळ कल्पनेत साधले, ते तंत्रज्ञानाने प्रत्यक्षात आणले, तर समतेचा आधार ढासळेल काय? उत्तर सुत्ताच्या उत्तरार्धात आहे. माणसाचे श्रेष्ठत्व त्याच्या कर्मावरून, शीलावरून ठरते, असे तथागत तेथे सांगतात. देह बदलला तरी हा निकष बदलत नाही. वाढविलेल्या बुद्धीचा माणूस लोभी व क्रूर असू शकतो आणि मंदबुद्धी मानला गेलेला माणूस मैत्रीने परिपूर्ण असू शकतो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंहार' ग्रंथात सुप्रजननाचा प्रश्न याच काटेकोरपणे हाताळला. जातिव्यवस्था वंशशुद्धीसाठी निर्माण झाली, असा तिच्या समर्थकांचा दावा होता. विचारपूर्वक जोडीदार निवडून वंश सुधारण्यास कोण हरकत घेईल, असे क्षणभर मान्य करून बाबासाहेबांनी पुरावा मागितला. जात केवळ मनाई करते, निवड करीत नाही. मग तिने सुधारणा कशी साधते? वंशशुद्धी हाच हेतू असेल तर सहभोजनावर बंदी कशासाठी? आणि शतकांच्या या तथाकथित प्रयोगातून शरीराने बलवान अशी प्रजा का निर्माण झाली नाही? आजच्या क्षमतावर्धनाच्या प्रवक्त्यांनाही हेच विचारले पाहिजे : सुधारणा कोणाची, कोणाच्या मापाने, आणि तिच्या नावाखाली प्रत्यक्षात काय जपले जात आहे?

मात्र एका बाबतीत आपणही सावध असावे. कर्म आणि शील हे निकष समतेचे आहेत. परंतु 'कर्म' या शब्दाचा अर्थ कोणी 'कर्तबगारी' असा लावला तर तोच निकष नव्या प्रतवारीचे साधन होईल. ज्याच्याकडून काहीच कर्तबगारी संभवत नाही, असा गंभीर व्याधीने अंथरुणाला खिळलेला माणूस मग कोठे बसतो? २०२४ च्या 'डिग्निटास इन्फिनिता' या व्हॅटिकनच्या घोषणेत माणसाची मूलभूत प्रतिष्ठा त्याच्या कोणत्याही क्षमतेवर अवलंबून नाही, असे स्पष्ट केले आहे. त्यामागील ईश्वरकल्पना वगळूनही हे विधान आपण स्वीकारू शकतो. दुःख सर्वांना होते आणि दुःखी माणूस करुणेस पात्र ठरण्यासाठी आधी गुणवत्ता सिद्ध करीत नाही. हा आधार त्यास पुरेसा आहे.

उपचारच पोहोचला नाही तर

या सर्व चर्चेची कसोटी आपल्या दारात आहे. विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत सिकलसेल हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. वेदनांचे झटके, रक्तक्षय, वारंवार रुग्णालयात दाखल होणे हे तेथील अनेक घरांना परिचित आहे. या आजारावर रोग्याच्या पेशींतील जनुक संपादित करणारा 'कॅसजेव्ही' हा उपचार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत संमत झाला. चर्चच्या निकषानेही हा निर्दोष उपचार आहे : तो शरीरपेशींवर होतो, रोगासाठी होतो, पुढील पिढीत उतरत नाही. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत बावीस लक्ष डॉलर, म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये ठेवण्यात आली. ज्यांना तो सर्वाधिक हवा आहे, त्यांच्यापासून तो सर्वांत दूर आहे.

म्हणून उपचार पवित्र आणि वर्धन पापमय, अशी विभागणी पुरेशी नाही. निर्दोष उपचारसुद्धा केवळ धनिकांना मिळू लागला तर तोच त्यांचे वर्धन ठरतो आणि उरलेले जन्मतः मागे राहिलेले ठरतात. जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ मध्ये ज्या नव्या बहिष्कृतांची भीती व्यक्त केली, ते निर्माण होण्यासाठी कोणी अतिमानव घडविण्याची गरज नाही. औषध असावे आणि ते काहींनाच मिळावे, एवढे पुरे आहे. चर्चने आपल्या या अटीचा अर्थ भ्रूणापासून औषधाच्या किमतीपर्यंत नेला असता तर तिचे बळ कितीतरी वाढले असते.

तात्पर्य, कॅथलिक नीतिविचाराने या विषयात एक खरी गोष्ट जाणली आहे : माणसाने माणसाचा निर्माता होणे म्हणजे त्याचा स्वामी होणे. ही जाणीव आपण आदराने घ्यावी. तिला जोडलेला सृष्टिकर्त्याचा हक्क आपल्याला घेण्याचे कारण नाही. विज्ञान दुःख कमी करीत असेल तर ते आपले मित्र आहे, मग ते निसर्गाच्या मर्यादेत बसो वा न बसो. तेच विज्ञान एका माणसाच्या जन्मावर दुसऱ्याची मोहोर उठवू लागले आणि मोहोर नसलेल्यांना हीन ठरवू लागले, तर त्याला विरोध करणे आपले कर्तव्य होय. मनुस्मृतीने जे नियमांच्या अक्षरांत लिहिले होते, ते १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे अग्नीच्या स्वाधीन करता आले. देहाच्या अक्षरांत लिहिले गेलेले जाळता येणार नाही. ते लिहिले जाण्यापूर्वीच रोखले पाहिजे.